मोगऱ्याला युरिया नको

मोगऱ्याची कुंडी बदलण्यावरचा एक लेख वाचला. त्यातल्या काका-काकूंनी एकाच दिवसात मोगरा छाटला, कुंडी बदलली आणि वर मूठभर युरियाही टाकला. उत्साह मनापासून आवडला, पण युरिया नको होता! कुंडी बदलताना मुळं दुखावतात, त्यात युरियाने ती करपतात. रोप जगलंच तर नुसता पाला माजतो, कळ्या धरत नाहीत. १२ इंची कुंडीच्या मातीत दोन मुठी मुरलेलं शेणखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड पुरते. छाटताना एक तृतीयांश फांदी काढा, काप डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर. कडेने गुंडाळलेली तपकिरी मुळं कापायची, मधला गोळा शाबूत ठेवायचा. मग आठवडाभर सावलीत. आणि हो, काका-काकूंनी कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला होता ना? नाहीतर मातीने भोक बुजलं की पाणी साचून पानं पिवळी पडतात, आणि पाणी कमी पडलं समजून आपण आणखी ओततो.