वयाचा बाऊ नको: अरबी शिकण्याबद्दल खुलासा

‘लहानपणी मदरशात गेला नाहीत, तर अभिजात अरबी आणि फिक्ह (इस्लामी कायदाशास्त्र), हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदी) हे विषय विसरा’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे चांगली माणसं उगाच मागे फिरतात, याचं वाईट वाटतं.

मर्वचे (आजच्या तुर्कमेनिस्तानातलं जुनं शहर) अल-कफ्फाल (निधन इ.स. 1026) कुलुपं बनवणारे कारागीर होते. चरित्रकार सांगतात, त्यांनी तिशीच्या आसपास अभ्यासाला हात घातला आणि पुढे शाफिई फिक्हचे (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) मोठे इमाम, म्हणजे अधिकारी विद्वान झाले.

भाषेचं म्हणाल तर अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर, म्हणजे शब्दाच्या मुळावर, उभे असतात. ऐन-लाम-मीम ही तीन अक्षरं घ्या: इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे जाणकार, मालूम म्हणजे माहीत असलेलं, तालीम म्हणजे शिकवण. शेवटचे दोन तर आपण मराठीतही वापरतो! असा साचा ओळखायला प्रौढ डोकं उलट तयार असतं.

पाठांतर मुलांना सोपं जातं, हे खरं. जुन्या ग्रंथांत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा नसतात, त्यामुळे व्याकरण पक्कं हवं आणि चूक दाखवणारा शिक्षकही. वेळ लागतो. पण शिकायला वय आड येत नाही.