हौस? बरं!

भाऊ (नाव लिहिलं नाही तुम्ही, म्हणून भाऊच म्हणते),

माझ्या काळूला, म्हणजे बोक्याला, किडनीच्या आजारासाठी घरीच कातडीखाली सलाईन देते, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. 'बाई, जरा डोकं वापरा. चौदा वर्षांच्या बोक्याला दिवसाआड सुई टोचून जगवणं ही माया नाही, तुमची हौस आहे. १०० मिली किती वजनाला ते लिहिलं नाही, ब्लड प्रेशरचा उल्लेख नाही. आणि थांबायचं केव्हा, ठरवलंय का?'

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. वजन लिहायला हवं होतं. काळू ३.४ किलोचा आहे आणि १०० मिली त्याच्या डॉक्टरांनी त्याच्यापुरतं सांगितलंय. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला एवढं पाणी झेपेलच असं नाही. तसं वाक्य लेखात टाकलंय. झालं समाधान?

आता हौस. हौस पैठणीची असते, सावजी मटणाची असते. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून नागपूरच्या सीताबर्डीवरून रिंगर लॅक्टेटच्या, म्हणजे त्या सलाईनच्या, बाटल्या आणायची हौस कोणाला असते, मला दाखवाच. आणि 'डोकं वापरा' म्हणजे काय? माझ्या घरी येऊन असं बोलला असता का तुम्ही?

सुई टोचताना कधी पाहिलंय? बाटली आधी कोमट पाण्यात ठेवते, मग पडद्याच्या दांडीला अडकवते. खांद्यांच्या मधलं कातडं चिमटीत धरलं की तंबूसारखं उभं राहतं, सुई त्याच्यात जाते. काळू क्षणभर कान मागे घेतो आणि मग कूलरकडे तोंड करून बसून राहतो. पाच मिनिटांचं काम. पाठीवर फुगा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि जिरतो. यापेक्षा सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजपर्यंत पिंजऱ्यात बसून जाताना तो जास्त ओरडतो.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ३.६ आहे त्याचं, म्हणजे किडनीच्या आजाराच्या चारपैकी तिसरी पायरी. किडनी बरीचशी गेल्याशिवाय हा आकडा वर सरकतच नाही. लघवी घट्ट करायची ताकदच उरलेली नाही, त्यामुळे कितीही प्यायला तरी अंगात पाणी टिकत नाही. सुईचा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ताटलीचा वास घेऊन तोंड फिरवतो. हे रोज बघून राहिली मी, आणि तुम्ही हौस म्हणता.

आमच्या महाल भागातल्या घरात आजीची मनी होती. अशीच पाणी पिऊन पिऊन वाळत गेली. उन्हाळाभर माठाखालच्या ओल्या फरशीवर पडून असायची. 'म्हातारी झाली' म्हणत सगळे तिला ओलांडून जायचे, दहा वर्षांची मीसुद्धा. तिला कोणी सुई टोचली नाही. तुमच्या हिशेबात ती माया होती का? मांजरांमध्येच वाढलेय मी, मला माया शिकवू नका.

थांबायचं केव्हा, ते मी आणि काळू बघून घेऊ. तुम्हाला विचारायला येणार नाही.

आणि ब्लड प्रेशर मोजायची वेळ घेतली आहे, शनिवारची. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, आधीच घ्यायची होती.