सहा हजारात वाडा, बंब फक्त बघायला

तर तुमचं ठरलंयच की सातारला हायवेवरच्या, गाडी लावायला जागा असलेल्या, नळाला गरम पाणी येणाऱ्या हॉटेलात उतरायचं नाही. अभिनंदन. तुम्हाला फील पाहिजे. पेठेतला जुना वाडा, सागवानी खांब, चौकात तुळस, रात्री कंदिलाच्या उजेडात जेवण, एका रात्रीचे सहा हजार आणि वर जीएसटी. मी नुकताच एक रात्र काढून आलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या. हॉटेलचं नाव सांगणार नाही कारण तिथल्या मॅनेजरची आजी आणि माझी आई संध्याकाळी मंगळवार तळ्याकडं सोबत फिरायला जातात आणि मला अजून सातारला येणं-जाणं ठेवायचंय.

आधी पोचायचं कसं ते बघू. मॅपवर पूर्ण विश्वास ठेवा. मॅप तुम्हाला पोवई नाक्यापर्यंत शहाण्यासारखा आणतो, तिथनं पुढं तो आणि तुम्ही दोघंही परके. मग काच खाली करून कुणाला तरी विचारणार, तो म्हणणार वरच्या रस्त्यानं जावा, शेजारचा म्हणणार छे छे खालच्या रस्त्यानं बरं पडंल, आणि तुम्ही पाट्या वाचत बसणार, तर पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ. वरचा-खालचा कुठंच लिहिलेलं नाही. राजपथ म्हणजे वरचा आणि कर्मवीर पथ म्हणजे खालचा, पण हे आम्ही पाहुण्याला सांगत नाही, मग त्याच्यात मजा काय राहिली.

आणि गाडी मोठीच आणा, सात सीटची असेल तर उत्तम. वाड्याची गल्ली एवढी ऐसपैस आहे की आमच्या लहानपणी तिच्यात समोरनं म्हैस आली तर आम्ही कुणाच्या तरी ओट्यावर चढायचो. रिव्हर्स घेताना घाम फुटला तर वर अजिंक्यताऱ्याकडं बघायचं. औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात त्याला वेढा घालून बसला आणि किल्ला हातात यायला १७०० चा एप्रिल उजाडला, मधे सुरुंग लावले तर तटाचा ढिगारा त्याच्याच फौजेवर कोसळला. त्या मानानं तुमचा एक साइड मिररच जातोय. शेवटी हॉटेलचा पोरगा येतो, चावी घेतो आणि गाडी लांब कुठंतरी नेऊन लावतो, त्याला ते व्हॅले पार्किंग म्हणतात. तुम्ही ट्रॉलीबॅग खडखडवत चालत जायचं. ओट्यावर बसलेल्या आज्या विचारतील, कुणाकडं आलाय? हॉटेलात, असं सांगा. त्या म्हणतील, हितं कुठलं हॉटेल? त्यांचं बरोबर आहे.

दिंडी दरवाजातनं आत शिरताना डोकं आपटणार. आपटू द्या, ते पॅकेजमध्ये आहे. आत देवडीत, म्हणजे आता रिसेप्शनला, एक मुलगी नथ घालून हसत उभी असते आणि कपाळ चोळत असलेल्या माणसाच्या हातात मातीचा एवढासा कप देते, वेलकम ड्रिंक. कुळथाचं माडगं. आमच्याकडं माडगं ताप आला की देतात, त्यामुळं मी सवयीनं विचारलं डॉक्टर काय म्हणाले, तिला कळलं नाही.

खोल्यांना नावं आहेत. बाजीराव, मस्तानी, काशीबाई आणि एक नुसतंच पेशवाई. इथं मी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. भावांनो, हे सातारा आहे. राजधानी इथं होती. नानासाहेबाला १७४० साली पेशवाईची वस्त्रं मिळाली ती छत्रपती शाहू महाराजांकडनं, इथं सातारला. म्हणजे ज्या गावानं पेशवे नेमले त्या गावात मालकाची खोली सोडून कारभाऱ्याच्या नावानं चार खोल्या! पण तुम्ही असलं काही बोलू नका, मी बोललो तर मॅनेजर म्हणाला सर, गेस्टला बाजीरावच कनेक्ट होतो. झालं. बहुतेक डिझायनर पुण्याचा असणार.

मला मिळाला मस्तानी महाल. आणि आता मुख्य सल्ला, नीट ऐका. असल्या वाड्यात बुकिंग करण्याआधी घरात विचारून घ्या की आपण कधी तिथं भाड्यानं राहत होतो का. मी विचारलं नव्हतं. दार उघडलं, खिडकी बघितली, खिडकीचा एक गज वाकडा होता, आणि तो गज मीच वाकडा केलेला. १९८९ ते ९४ त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मस्तानी महालाचं भाडं महिना साठ रुपये, लाइटचं वेगळं. मधे कापडाचा पडदा, पडद्याच्या अलीकडं झोपायचं, पलीकडं स्टो.

एकूण सात बिऱ्हाडं होती वाड्यात. बाजीराव सुईटमध्ये एसटीतले एक कंडक्टर होते, ते सुट्टे पैसे घरी आणून पोरांकडनं चळती लावून घ्यायचे. काशीबाईत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. पेशवाई ही जागा म्हणजे खरं तर जळण ठेवायचा अंधारा बोळ, त्याला आता झुंबर लावलंय, बरं दिसतं. आणि सात बिऱ्हाडांत परसात मिळून संडास एक. सकाळी टमरेल घेऊन रांग, रांगेत मास्तर असले तर त्यांना पुढं सोडायचं आणि मास्तरांनी तेवढ्यात पाढे विचारायचे. हॉटेलच्या माहितीपत्रकात मात्र लिहिलंय की वाडा एकाच घराण्यानं पिढ्यान्पिढ्या जसाच्या तसा जपला. सात बिऱ्हाडं त्या जसाच्या तशात कुठं बसली नाहीत. नंतर भाऊबंदकीत केस चालली, भाडेकरू एकेक करत शाहूपुरी, गोडोली, करंज्याला फ्लॅट घेऊन निघून गेले, आम्ही पण. जाताना आई म्हणाली होती, सुटलो बाई. त्याच ओल आलेल्या भिंतीला आता चुना लावून तिला टेक्स्चर म्हणतात आणि आम्ही ज्यातनं सुटलो त्याच्यात झोपायला मी सहा हजार भरून परत आलो, आता बोला.

संध्याकाळी हेरिटेज वॉक असतो, वाड्यातल्या वाड्यात, वीस मिनिटं. चुकवू नका. सोप्यात जमिनीत दगडी उखळ आहे, त्याच्यावर जाड काच बसवून खालनं पिवळा दिवा सोडलाय. गाइड पोरगं सांगत होतं की यात राणीसाहेबांसाठी अत्तराची फुलं कुटली जायची. सगळे फोटो काढत होते. त्या उखळात मी स्वतः शेंगदाण्याचा कूट केलाय, आणि एकदा मिरच्या कुटून तोच हात डोळ्याला लावल्यामुळं वाडाभर नाचलोय. पण मी काही बोललो नाही. राणीसाहेबांचं ऐकून एक काकू इतक्या हळव्या झाल्या होत्या, कशाला उगाच. तुम्हीही तुमच्या खोलीत गाइडनं काही सांगितलं तर माना डोलवा. फक्त रात्री पाणी प्यायला उठलात तर त्या काचेची कड जमिनीपेक्षा बोटभर वर आहे हे लक्षात ठेवा, अंगठ्याला लागतं, आणि अंधार मुद्दाम केलेला असतो, ॲम्बियन्स म्हणून.

बाथरूम. हे आईला वाचून दाखवू नका. प्रत्येक खोलीला अटॅच्ड बाथरूम पाहिजे म्हणून त्यांनी जागा शोधली, आणि आमच्या खोलीत जागा कुठं होती, तर ज्या कोपऱ्यात आमचे देव होते तिथं. कोनाडा तसाच ठेवलाय, कमान, बाजूला दिव्याची काजळी, सगळं ओरिजिनल. त्यात टॉयलेट पेपरचा रोल. मी आत गेलो, हात आपोआप जोडले गेले आणि मग बाहेर येऊन परसात संडास अजून आहे का विचारून आलो. तिथं आता स्पा आहे.

बाहेर ओसरीत तांब्याचा बंब ठेवलाय, चिंचेनं घासून लखलखीत, त्यात सुकलेलं गवत खोचलंय. पेटवता येतो का विचारलं तर मॅनेजर घाबरला. गरम पाणी सोलरचं, साडेआठनंतर, आणि पावसाळ्यात देवाची इच्छा. म्हणजे बघा, आमच्या वेळी वाडा पडका होता, मालक चिंगूस होता, पण पहाटे साडेपाचला बंब धडधडत असायचा. आता वाडा चकाचक आहे आणि बंबाशेजारी उभं राहून गार पाण्यानं अंघोळ करायची. खोलीत पाण्याची बाटली असते, हिमालयातली का कुठली तरी, ऐंशी रुपये. कासचं पाणी नुसत्या उतारानं डोंगरावरनं सातारला येतं, पंप न लावता, आणि आम्ही लहानपणापासनं दुसऱ्या गावचं पाणी प्यायलो की तोंड वाकडं करणारी माणसं. नळ सोडा, ओंजळ धरा, ऐंशी रुपये वाचवा.

झोपेचं काही बोलायला नको. पेठेत झोप नावाची गोष्ट रात्री एक ते पहाटे चार मिळते, त्यातही मंगळवारी कुत्र्यांची मीटिंग असेल तर नाही. पाचला काकडा. सहाला शेजारी कुणीतरी घसा साफ करतं, ते पंधरा मिनिटं चालतं, आणि तुम्हाला वाटतं आपल्याच खोलीत आहे. मग घंटागाडी. गणपतीत येणार असाल तर राजपथाच्या जवळची खोली हट्टानं मागा, मिरवणुकीच्या रात्री कडीपाटातनं जी बारीक माती अंगावर पडते ती शुद्ध ऐतिहासिक असते, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची, तिचे वेगळे पैसे लावत नाहीत अजून.

नाश्त्याला थालपीठ, वाटीभर लोणी, ठीक आहे, चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी काळ्या दगडाच्या ताटात एक कंदी पेढा येतो. एक. शेजारी गुलाबाची पाकळी. मोती चौकात चालत गेलं तर किलोनं मिळतो, कागदाच्या पुड्यात, खवा भाजल्याचा वास चौकभर. पण तिथं पाकळी नसते हे मान्य करावं लागेल.

बाहेर फिरायचं असेल तर हॉटेलवाले कास दाखवतात. ते मे महिन्यातसुद्धा दाखवतात. फुलं ऑगस्टअखेरपासनं ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हे आधी विचारणारा गेस्ट त्यांना आवडत नाही. उन्हाळ्यात पठारावर काळा कातळ आणि वारा आहे, वर्ल्ड हेरिटेज आहेच की ते, २०१२ पासनं, कातळ पण त्यातच आला.

एका ठिकाणी मात्र अजिबात जाऊ नका. जुन्या राजवाड्याकडं. तिथल्या शाळेत, आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव घातलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात १९१४ नंबरला नोंद आहे. आता त्या तारखेला राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. हॉटेलच्या गुळगुळीत माहितीपत्रकात बारा पानं आहेत, त्यात अत्तर आहे, राणीसाहेब आहेत, मस्तानी आहे, पाच मिनिटांवरची ही शाळा नाही. बरोबरच आहे, काचेखाली पिवळा दिवा लावता येण्यासारखं तिथं काही नाही. जाल तर उगाच वाड्यातल्या गोष्टींवरचा विश्वास उडायचा.

बुकिंग कॅन्सल करायचं मनात आलंच तर रिफंडची वाट बघताना रंगो बापूजींची आठवण काढा. १८३९ ला इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरनं उतरवून काशीला धाडलं तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला, चौदा वर्षं तिथं अर्ज-विनंत्या करत बसला आणि राज्य १८४८ ला खालसा झालं ते झालंच. हॉटेलवाले सात ते दहा वर्किंग डेज म्हणतात. कुठले सात ते दहा ते नाही सांगत.

मी चेकआउट केलं, बिल भरलं, अंगठ्याला पट्टी लावून घेतली. आणि वर तुम्हाला जे करू नका म्हणालो तेच केलं, आईला खोलीचा फोटो पाठवला. बाथरूमचा नाही, एवढी अक्कल होती. लगेच फोन आला. मला वाटलं भरून आलं असेल, रडेल बिडेल. ती म्हणाली, "वाकडा गज तसाच आहे की रे. किती घेतले?" मी म्हणालो सहा हजार, एका रात्रीचे. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "आपण खोली सोडली तेव्हा डिपॉझिटचे पाचशे राहिले होते मालकांकडं, पुढच्या महिन्यात देतो म्हणाले होते. ते बिलातनं वळते करून घेतलेस ना?"