'अपील म्हणजे वेळ घालवणं' म्हणे! निलंबनावरच्या एका मेसेजला उत्तर

नाशिकच्या कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: निलंबन झालं की नोकरी गेलीच समजा, दोषारोपपत्र घेऊच नका, कोर्टातून सुटलात की चौकशी आपोआप बंद, आणि अपिलात वेळ न घालवता थेट हायकोर्ट गाठा. चारही सल्ले चुकीचे आहेत, पण शेवटचा सगळ्यात महागात पडणारा.

'निलंबन म्हणजे नोकरी गेली.' महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या शिक्षांच्या यादीत निलंबन नाहीच. ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा नियम 5 मध्ये आहेत, निलंबन नियम 4 मध्ये. या काळात अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, उशीर तुमच्यामुळे नसेल तर, हा निर्वाह भत्ता त्याच्याच निम्म्या रकमेपर्यंत आणखी वाढवता येतो. तुमच्यामुळे असेल तर तितकाच कापताही येतो. 'दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही' हे प्रमाणपत्र दिलं नाही की भत्ता अडकतो. आणि 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार निलंबनापासून 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावायला हवं. ते झालं नसेल तर पुनःस्थापनेचा अर्ज करताना हाच मुद्दा पहिला घ्या.

'दोषारोपपत्र घेऊ नका.' पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो आणि चौकशी एकतर्फी चालते. साक्षीदारांची उलटतपासणी, बचाव सहायक, कागदपत्रांची मागणी हे सगळं हातचं जातं. कागद घ्या, पोच देताना तारीख घाला, दिलेल्या मुदतीत लेखी निवेदन द्या.

'निर्दोष सुटलात की चौकशी संपली.' फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, विभागीय चौकशीत संभाव्यतेचा तोल, म्हणजे तसं घडल्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसणं, पुरतं. म्हणून सुटकेनंतरही शिक्षा होऊ शकते. उलट फौजदारी शिक्षा लागली, तर संविधानाच्या अनुच्छेद 311(2) च्या परंतुकानुसार विभागीय चौकशीशिवायही बडतर्फ करता येतं.

आता अपील. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, 1985 चं कलम 20 सांगतं की उपलब्ध दाद आधी मागून झालेली हवी. अपील न करता मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो. थेट हायकोर्टात गेलात तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालावर (असे वाद आधी न्यायाधिकरणातच न्यायचे) बोट ठेवून मॅटकडे पाठवतात. या फेऱ्यांत अपिलाची मुदत निघून जाते. ती आहे आदेशाची प्रत हाती पडल्यापासून 45 दिवस. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. अपील केल्यावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर मॅटचं दार उघडतं. तिथून पुढे एका वर्षात अर्ज करायचा.

अपील कुणाकडे? प्रांताधिकाऱ्यांनी तलाठ्याला शिक्षा दिली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. शिक्षा जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे. राज्यपालांच्या आदेशावर अपील नाही. अपिलाचा अर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावाने हवा, सामूहिक नको, आणि शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यालाही प्रत द्यायची. भाषा संयत ठेवा; 'साहेबांनी सूड उगवला' याला पुराव्याविना काडीची किंमत नाही.

अपील प्राधिकाऱ्याने तीन गोष्टी तपासायच्या असतात: कार्यपद्धती पाळली का, निष्कर्षाला पुराव्याचा आधार आहे का, शिक्षा जास्त की कमी. मसुदा याच तीन भागांत लिहा. चौकशी अहवालाची प्रत न देताच शिक्षा केली, मागितलेली कागदपत्रं दिली नाहीत, हे पहिल्या भागात, पत्रांच्या तारखांसह. 'त्यामुळे माझं नुकसान काय झालं' हेही तिथेच लिहा; बहुतेक मसुद्यांत हे वाक्य नसतं. तिसरी तपासणी दुधारी आहे: शिक्षा अपुरी वाटली तर नोटीस देऊन ती वाढवताही येते. ठपक्याविरुद्ध अपील करण्याआधी हा हिशेब जरूर करावा. शिवाय नुसतं अपील दाखल केल्याने शिक्षेची अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

आणि हा मेसेज जिल्हा परिषदेच्या ग्रुपांवरही जसाच्या तसा पुढे ढकलला जातोय. सुरगाण्याच्या झेडपी शिक्षकाला 1979 चे नियम नाहीत, त्याला 1964 चे जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागतात. मॅटचं कार्यक्षेत्रही त्याच्यापर्यंत पोचत नाही. विभागीय दाद संपल्यावर त्याला हायकोर्टच.