‘रोज फुल स्पीडनेच ड्रिबल करा’ हा सल्ला का चुकीचा आहे

बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ड्रिब्लिंग (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुधारायचं तर रोज फुल स्पीडनेच सराव करा, हळू ड्रिबल म्हणजे वेळेची नासाडी, आणि २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागणाऱ्या खेळात हळू खेळायला सवडच नसते. पुरावा म्हणून खाली ॲलन आयव्हरसन या अमेरिकन खेळाडूने दिग्गज मायकेल जॉर्डनला चकवलं ती क्लिप. मी शाळकरी मुलांना शिकवतो. हा मेसेज वाचून आलेली मुलं मान खाली घालून सुसाट पळतात आणि पहिल्याच डिफेंडरपाशी चेंडू घालवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ती क्लिपच बघा. १२ मार्च १९९७, फिलाडेल्फिया. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला आयव्हरसनचा पहिलाच हंगाम. चेंडू हातात आल्यावर तो जॉर्डनसमोर जवळजवळ उभाच असतो. मग एक छोटा, अर्ध्या जोराचा क्रॉसओव्हर टाकतो, म्हणजे चेंडू एका हातातून दुसऱ्या हाताकडे आपटतो. जॉर्डनचं वजन त्या बाजूला झुकतं. ते झुकल्यावर येतो दुसरा क्रॉसओव्हर, लांब आणि झटक्यात, आणि पाठोपाठ जम्प शॉट, म्हणजे उडी मारून शॉट. जॉर्डन तरीही सावरून हात वर करत पोचतोच. म्हणजे नुसत्या पायांच्या शर्यतीत तो मागे पडला नसता. त्याला हलवलं ते आधीच्या संथ क्रॉसओव्हरने. मेसेज पाठवणाऱ्याने क्लिपचा शेवटच तेवढा पाहिला असावा.

‘जो वेगवान तोच सुटतो’ हा दुसरा दावा. एकसारख्या वेगाने पळणाऱ्याबरोबर पळणं डिफेंडरला सोपं असतं, कारण एकदा ताल सापडला की झालं. अडचण होते ताल मोडल्यावर. डोळ्यांनी पाहिलेल्या बदलाला शरीराने उत्तर द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. दोघं सेकंदाला ५ मीटरने पळत असताना तुम्ही कचकन थांबलात, तर समोरचा तुमच्याइतकाच चपळ असला तरी तुमच्यापुढे सुमारे १ मीटर जाऊन थांबेल. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावल्यावर मागच्या दुचाकीस्वाराचं होतं तेच. शॉट घ्यायला १ मीटर खूप झालं. एनबीएतल्या लुका डॉन्चिचला कोणी वेगवान खेळाडूंत मोजत नाही. तरी २०२३-२४ मध्ये सरासरी ३३.९ गुणांसह तो तिथे पहिला होता. त्याचे ब्रेक बघा.

वेळेचं म्हणाल तर आठ सेकंदांचा नियम घ्या. चेंडू मागच्या अर्ध्या कोर्टातून पुढे न्यायला ८ सेकंद मिळतात आणि अर्धं कोर्ट १४ मीटरचं असतं. सेकंदाला पावणेदोन मीटर, म्हणजे झपाझप चालणं. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या झटपट चढाईत, समोर कोणीच नसेल तर जरूर सुसाट पळा, तिथे मेसेज बरोबर आहे.

पण सर्वांत नुकसान करतो तो ‘हळू ड्रिबल म्हणजे नासाडी’ हा भाग. वेगात पळताना चेंडू पुढे ढकलावा लागतो, हात त्याच्या मागच्या बाजूला असतो आणि उसळी कमरेपर्यंत येते. हळू असताना चेंडू शरीराच्या बाजूला, गुडघ्याखाली, हात वरून. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चेंडू निसटतो तो एकातून दुसऱ्यात जाताना. सतत फुल स्पीडने पळणारा मुलगा हा बदल कधी करतच नाही. मग सामन्यात थांबायची वेळ आली की चेंडू पायावर आपटतो, नाहीतर सावरायला हात चेंडूखाली जातो आणि नियमभंग म्हणून पंच शिट्टी वाजवतात.

माझ्याकडे मुलं असं करतात: बेसलाइनपासून (रिंगमागची कोर्टाची शेवटची रेषा) फ्री थ्रो लाइनपर्यंत (रिंगसमोरची रेषा) चालत, गुडघे वाकवून, नजर समोर. तिथून मध्यरेषेपर्यंत दोन-तीन लांब ड्रिबलमध्ये सुसाट. मध्यरेषेवर दोन छोट्या पावलांत ब्रेक, चेंडू खाली, छाती किंचित वर आणि डोळे रिंगकडे, जणू आता थांबलोच. मग पुन्हा झेप. हे जमलं की रेषा सोडायच्या; जोडीदार हात वर करेल तेव्हाच वेग बदलायचा, म्हणजे डोळे चेंडूवर राहूच शकत नाहीत. उजव्या हाताने जितक्या फेऱ्या, डाव्याने त्याच्या दुप्पट. पहिले काही दिवस चेंडू ब्रेकच्या जागीच निसटेल. तेव्हा वेग वाढवू नका. तीच फेरी थोडी हळू करून पुन्हा घ्या.