गणपतीत मासे

१९९९ सालच्या मे महिन्यात माझ्या काकांनी एक चूक केली आणि ती आम्ही त्यांना आजतागायत विसरू दिलेली नाही. सुट्टीत मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, कारण त्यांच्याकडे केबल होती. बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेड आणि बायर्न म्युनिक यांची चॅम्पियन्स लीगची फायनल चालली होती. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजत आलेले. नव्वद मिनिटं भरली, बायर्न १-० नं पुढं. काका उठले, "संपलं. टीव्ही बंद कर आणि झोप," म्हणाले आणि आत गेले. त्यांनी पांघरूण अंगावर ओढेपर्यंत शेरिंगहॅमनं एक आणि सोल्शारनं दुसरा गोल घातला होता. तेव्हापासून काकांचं नाव 'झोपलेले काका' पडलं आणि मी युनायटेडचा झालो.

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड असणं हा काही अपराध नाही. इथं शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमा उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा ओस पडतात. माझीही एक तालीम आहे. कुठली ते सांगत नाही, कारण उद्या भाजी आणायला दुसऱ्या पेठेतून जायचंय. पण तालमीच्या टीमचं एक बरं असतं. मॅनेजर चुकला तर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर त्याला धरून विचारता येतं. सात-आठ हजार किलोमीटरवरच्या मॅनेजरला मी काय विचारणार? तरी रोज विचारतो. आंघोळ करताना विचारतो, स्कूटर चालवताना विचारतो. सिग्नलला शेजारचे लोक दचकून बघतात.

आमचे चिरंजीव २०१३ च्या मे महिन्यात जन्मले. त्याच महिन्यात युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन इंग्लंडच्या लीगचं विसावं विजेतेपद क्लबच्या पदरात टाकून निवृत्त झाले. पायगुण वगैरे मी मानत नाही, पण आईनं एकदा तसं बोलून दाखवलं होतं. त्यानंतर मॉयेस आले, फान खाल आले, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग आणि २०२४ मध्ये अमोरिम. मधेमधे हंगामी लोक येऊन गेले ते वेगळेच. फान खाल यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकून दिला आणि दोन दिवसांत त्यांना नारळ मिळाला. पोरगा सातवीत आहे. त्याचे वर्गशिक्षकसुद्धा इतक्या तडकाफडकी बदललेले नाहीत.

आणि हा पोरगा मँचेस्टर सिटीचा आहे! मी त्याला लहानपणी लाल जर्सी घातली, ओल्ड ट्रॅफर्ड या आमच्या स्टेडियमचा फोटो दाखवला, सगळे संस्कार केले. पण त्याला हिशेब येतो. त्याच्या हयातीत २०२५ पर्यंत सिटीनं सात वेळा लीग जिंकली, आम्ही शून्य. "पप्पा, तुम्ही पण या की आमच्याकडं," असं तो मला समजुतीनं म्हणतो. बाप व्यसनी असला की पोरं अकाली शहाणी होतात म्हणतात, तसं झालंय.

मॅनेजर या विषयावर माझं मत विचाराल तर (घरात कुणी विचारत नाही) एकट्या अमोरिमना दोष देणं मला पटत नाही. आमच्या स्वयंपाकघराचा माळा बघा. आजीनं पुरणयंत्र घेतलं, आईनं इडलीपात्र घेतलं, बायकोनं ओव्हन घेतला, आणि कुणी काही टाकलं नाही. आमच्या टीमचं तसंच झालंय. प्रत्येक आचारी आला, त्यानं आपापली भांडी घ्यायला लावली आणि निघून गेला. नवा येतो, माळ्यावर चढतो, पुरणयंत्र काढतो आणि त्यात इडल्या करायला बसतो. अमोरिमना मागं तीनच बचावपटू लागायचे. जगबुडी झाली तरी तीनच. चार ठेवा म्हटलं की ते आमच्या आईसारखे व्हायचे, "आमच्यात असंच करतात." २०२५ च्या जानेवारीत ब्रायटननं आम्हाला घरच्या मैदानावर ३-१ नं हरवलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले की क्लबच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत वाईट टीम असेल. खरं बोलणारा माणूस आहे. पण पाहुण्यांसमोर खरं बोलायचं नसतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

खेळाडूंचं तर काय सांगावं. पोग्बा २०१२ मध्ये आमच्याकडून फुकट गेला, २०१६ मध्ये त्यालाच आम्ही ८ कोटी ९० लाख पौंडांना परत आणला आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट सोडला. रद्दीवाल्याकडून आपलीच रद्दी विकत घेऊन ती पुन्हा त्यालाच द्यावी, तसं. सांचो त्याच्याही वरताण. त्याला चेल्सीकडं उसना दिला होता, हंगाम संपला की त्यांनी तो विकत घ्यायचा असं ठरलेलं. त्यांनी ५० लाख पौंड दंड भरला आणि पोरगा परत पाठवला. गिऱ्हाईक वर पैसे देऊन म्हणतंय, तुमचं तुम्हीच ठेवा! उलट मॅकटॉमिने, ज्याला आम्ही दहा ठिकाणी नावं ठेवली, तो नापोलीला गेला, पहिल्याच वर्षी इटलीची लीग जिंकला आणि तिथला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्याकडून गेलेला माणूस सुधारतो आणि आमच्याकडं आलेला बिघडतो. पाण्यातच काहीतरी आहे.

एका इंग्रज चाहत्यानं २०२४ च्या ऑक्टोबरात प्रण केला, युनायटेड सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही म्हणून. चाणक्याच्या शेंडीनंतर इतकी मोठी प्रतिज्ञा कुणी केली नसेल. चाणक्याला निदान समोर नंदाचं राज्य उलथायचं होतं, याला फक्त पाच सामने हवे होते. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत कात्री लागली नव्हती.

पैशाची बाजू मला नीट समजत नव्हती. बायको पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. एका रविवारी मटणाला फोडणी बसत असताना मी तिला सगळं सांगितलं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, सुमारे ७९ कोटी पौंडांना. त्यातले बरेचसे पैसे कर्जाचे. आणि ते कर्ज टाकलं कुणाच्या डोक्यावर, तर क्लबच्याच.

तिनं गॅस बारीक केला. "थांबा. म्हैस घ्यायला कर्ज काढलं, म्हैसच तारण ठेवली, आणि हप्ता म्हशीनं दूध घालून फेडायचा?"

"हो."

"आणि मालक?"

"मालकांना मधूनमधून साय."

"मग बरोबर आहे की," ती म्हणाली. "अशी कर्जं आम्ही पण देतो. म्हैस दुभती आहे तोवर काही अडत नाही."

२०२४ मध्ये उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चौथ्यापेक्षा थोडा जास्त हिस्सा घेतला आणि काटकसर सुरू केली. शेकडो नोकऱ्या गेल्या. ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं, त्याऐवजी फळं. फर्ग्युसन यांना सदिच्छादूत म्हणून वर्षाला वीस लाख पौंडांच्या वर मिळत होते, तेही बंद. आणि याच काळात जुलै २०२४ मध्ये टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरात त्यांना काढलं, आणि ते व त्यांचे सहकारी यांना निरोप द्यायला १ कोटी पौंडांच्या वर मोजले. २०२५ च्या उन्हाळ्यात कुन्या, म्बेमो आणि शेश्को असे तीन पुढचे खेळाडू आणले, मिळून २० कोटी पौंडांच्या आसपास. तेही हप्त्यानं.

इथं मात्र तिचा हात थांबला. "म्हशीची पेंड बंद केली आणि शिंगांना सोन्याचा मुलामा दिला," ती म्हणाली. "ही फाइल मी साहेबांपुढं ठेवली असती तर त्यांनी मलाच घरी बसवलं असतं."

मी नव्या स्टेडियमची गोष्ट काढली. ओल्ड ट्रॅफर्डचं छत गळतं. २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर तिथं धबधबा सुरू झालेला साऱ्या जगानं बघितला. त्यावर उपाय म्हणून सुमारे २०० कोटी पौंडांचं एक लाख आसनांचं स्टेडियम बांधायचं २०२५ मध्ये ठरलं, आणि त्यावर आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांनी काढलेलं भलंमोठं छत्रीसारखं आच्छादन. आई मधल्या खोलीतून सगळं ऐकत होती. तिनं तिथूनच विचारलं, "कौलं का फिरवून घेत नाहीत?"

असो. मूळ मुद्दा झोपेचा आहे.

२०२५ च्या एप्रिलात युरोपा लीगमध्ये लिऑनशी सामना होता. आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, सुट्टी, त्यामुळं जागायला कुणाची ना नव्हती. आम्ही २-० नं पुढं होतो. मग बरोबरी. मग जादा वेळ. लिऑनचा एक खेळाडू बाहेर गेलेला, तरी त्यांनी आणखी दोन घातले. ४-२. दहाएक मिनिटं उरली होती, तीन वाजत आले होते, आणि माझ्या तोंडून शब्द आला, "संपलं." टीव्ही बंद केला आणि झोपलो.

सकाळी पोरगा उशाशी उभा. मोबाइल माझ्या नाकासमोर धरलेला. ब्रुनोची पेनल्टी, मग माइनू, मग मॅग्वायरचं डोकं. सात मिनिटांत तीन गोल, ५-४. "गुड मॉर्निंग, झोपलेले पप्पा," तो म्हणाला आणि दात घासायला गेला. मी काकांना फोन केला. सव्वीस वर्षांनी त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा समाधान ऐकू आलं.

त्या दिवशी नियम केला. रेफ्रीची शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही. मे महिन्यात बिल्बाओतली युरोपा लीगची फायनल याच नियमानं बघितली. समोर टॉटनहॅम. लीग संपली तेव्हा आम्ही पंधरावे आणि ते सतरावे, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या दोघांत वक्तृत्व स्पर्धा. तीही १-० नं हरलो. पण शिट्टीपर्यंत बसलो. नियम म्हणजे नियम. नियम करताना ग्रिम्सबी कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

परवा, २०२५ च्या २७ ऑगस्टला, बाप्पा आले. सकाळी पापाच्या तिकटीवरून मूर्ती आणली, प्रतिष्ठापना झाली, एकवीस मोदकांतले माझ्या वाट्याला आले ते मी मोजले नाहीत. रात्री साडेबाराला लीग कपचा सामना. समोर ग्रिम्सबी टाउन, म्हणजे चौथ्या पायरीवरच्या लीगमधला संघ, समुद्रकाठचं मासेमारीचं गाव. टीव्ही हॉलमध्ये, बाप्पाही हॉलमध्ये, दोघांत तीन फुटांचं अंतर. आवाज बंद ठेवून मी बसलो. अर्ध्या तासात आम्ही २-० नं मागं. विघ्नहर्ता शेजारीच होते, पण त्यांची दृष्टी समोरच्या भिंतीकडं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत म्बेमोनं एक आणि मॅग्वायरनं एक, २-२. पेनल्टी. कॅमेरा आमच्या मॅनेजरवर गेला, तर ते बाकावर बसलेले. सामना चालू असतानाही मधे ते छोट्या फळ्यावरची लोहचुंबकं इकडून तिकडं सरकवताना दिसले होते, गौरीपुढं रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे. मी गुडघ्यांवर आलो. हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात आई आली. बाप्पा घरात असेपर्यंत समई विझू द्यायची नाही, म्हणून ती रात्रीतून तेल घालायला उठते. ती आली आणि नेमके पडद्यावर ग्रिम्सबीचे प्रेक्षक. त्यांची रीत आहे, फुगवलेले मोठाले मासे घेऊन येतात आणि नाचवतात.

"अरे, बाप्पा बसलेत आणि मासे काय बघतोयस?"

"आई, ते फुग्याचे आहेत."

"फुग्याचे झाले तरी मासेच की."

पण ती गेली नाही. तेलाची बाटली मांडीवर घेऊन सोफ्यावर टेकली. "किती राहिलंय?" म्हणाली. "आत्ता संपेल," मी म्हणालो. तेव्हा दहावी पेनल्टी होती. मग बारावी झाली, सोळावी झाली, विसावी झाली. गोलकीपरांपर्यंत सगळ्यांची पाळी येऊन गेली आणि पंगत पुन्हा पहिल्यापासून बसली. "हा मारतोय, तोही मारतोय, सगळ्यांचंच आत जातंय," आई म्हणाली, "मग भांडण कशाचं आहे?" सव्वीसावी पेनल्टी म्बेमोची. सहा-साडेसहा कोटी पौंडांचा माणूस. चेंडू आडव्या खांबावर आपटला. १२-११. मासे नाचायला लागले.

"हा आपला होता?"

"हो."

आईनं समईत तेल घातलं, वात पुढं सारली आणि काही न बोलता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मॉयेसपासून आजवर मला मिळालेलं हे पहिलं सांत्वन.

सकाळी दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकूंना ती सांगत होती, "रात्रभर समई राखत बसला होता हो. हात जोडून. डोळ्यांत पाणी." पोळ्या लाटता लाटता बायको नुसती हसली. मी काही बोललो नाही. त्याचा परिणाम असा झाला की गौरी-गणपती जाईपर्यंत रात्रीची समई आता माझ्याकडं आहे, आणि आईनं शनिवारच्या आरतीला गल्लीतल्या चार घरांना बोलावलंय, पुढं उभा राहून मीच आरती म्हणायची. वेळ साडेसात. शनिवारी बर्नलीशी सामना आहे, आपल्याकडची वेळ साडेसात.

पोरगा मदतीला तयार झालाय. तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन उभा राहील आणि गोल झाला की घंटा वाजवील. कुणी घातला, ते मात्र मंत्रपुष्पांजली झाल्यावर सांगणार म्हणतो.