‘रंग काढला की झालं ब्लॅक अँड व्हाइट’? तसं होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. सेन्सर तोच, फक्त रंग बंद केलेला. कलर फोटोचं सॅच्युरेशन शून्यावर आणा, तेच मिळतं. वर हवा तो रंग नंतर गडद-फिका करता येतो.” यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

“सेन्सर तोच.” सेन्सर म्हणजे उजेड मोजणारी सिलिकॉनची चिप. तिला रंग कळतच नाहीत, उजेड तेवढा कळतो. रंग यावा म्हणून प्रत्येक पिक्सेलवर इवलासा रंगीत फिल्टर बसवतात. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. एका पिक्सेलला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन शेजारच्यांवरून अंदाजाने भरतात. मोनोक्रोम, म्हणजे फक्त काळं-पांढरं टिपणाऱ्या सेन्सरवर ही फिल्टरांची जाळीच नसते, त्यामुळे अंदाजही नाही. सॅच्युरेशन शून्य करून रंग जातो, पण रंगासाठी केलेला अंदाज फोटोत राहतोच.

“तेच मिळतं.” भर उन्हातला फोटो फोनवर बघायचा असेल तर मलाही फरक ओळखता येणार नाही. पण बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, हे जैन मंदिर घ्या. १२०४ साली रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली; कातलेले गुळगुळीत खांब, छताला कमळ, आणि आत उजेड बेताचाच. रंगीत फिल्टर येणाऱ्या उजेडातला निम्मा किंवा जास्तच गिळतात. म्हणून पेंटॅक्स के-३ मार्क थ्री या कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० पासून सुरू होतो, तर त्याच्याच मोनोक्रोम भावाचा २०० पासून. आयएसओ चढवला की कलर सेन्सरवर रंगांचे डाग उठतात. रंग काढला तरी ते करडे डाग होऊन दगडाच्या नक्षीवर बसतात. मोनोक्रोमचा नॉइज (फोटोतला खरखरीतपणा) बारीक, फिल्मच्या दाण्यासारखा. काळ्या दगडाला तो शोभतोही.

“श्रीमंतांचे चोचले.” लायकाचा २०१२ चा एम मोनोक्रोम लाखांच्या घरातला, हे कबूल. पण २०१६ च्या ह्युआवे पी-९ या फोनमध्येही वेगळा मोनोक्रोम सेन्सर होता!

आता ते खरं वाक्य. सौंदत्तीच्या डोंगरावर भंडाऱ्याने माखलेला चेहरा मोनोक्रोमवर पांढुरका पडतो, कारण हळदीच्या पिवळ्यातून लाल आणि हिरवा दोन्ही उजेड परततात. भंडारा गडद हवा असेल तर लेन्सवर निळा फिल्टर आधीच लावायला हवा. कलरवाला घरी बसून स्लायडर ओढतो. फक्त फार ओढू नये: त्या पिवळ्यात निळ्याचा सिग्नल मुळातच क्षीण, नॉइज लगेच वर येतो.

आणखी एक अडचण मेसेजवाल्यांनी सांगितलीच नाही. कलर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा चॅनल जळाला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गेला, तरी बाकीच्यांवरून थोडं सावरता येतं. मोनोक्रोममध्ये जळलं ते गेलंच, म्हणून एक्सपोजर जरा कमीच ठेवावं लागतं. लग्नाची कामं करणाऱ्यांनी तर हा कॅमेरा घेऊच नये. शालूचा रंग दिसला नाही तर पार्टी पैसे देणार नाही.